परवलीचा खो

शब्द निवडायला सांगितला तेव्हा जुई बिरनाळेने क्षणभरही विचार केला नाही.

"खो," ती म्हणाली.

खोलीतले सगळे हसले. डॉक्टर शहापुरे हसले, जुईच्या खुब्यात बसवलेल्या नव्या कृत्रिम सांध्याची तांत्रिक बाजू सांभाळणारी श्रावस्ती गेडाम हसली, आणि भिंतीला टेकून उभी असलेली जुईची धाकटी बहीण केतकी तर टाळी वाजवून हसली. शाळेत असताना खो-खो खेळलेलं नाही असं त्या खोलीत कोणी नव्हतं. डॉक्टरांनी तर चौथीत खांबाला धडकून एक दात गमावला होता. एवढी जाणकार मंडळी एकत्र बसली होती, तरी एक साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. ती आली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

"चांगला शब्द आहे," श्रावस्ती म्हणाली. ती मूळची चंद्रपूरची. "रोजच्या बोलण्यात येत नाही ना जी? घरात, ऑफिसात?"

"घरात कोण कशाला खो म्हणतंय?" जुई म्हणाली. "आणि मैदानात खो ऐकला की पाय आपोआप उठतो. डोक्याला विचारावं लागत नाही."

"मग झालंच," डॉक्टर म्हणाले.

जुई तासगावची. वय सत्तावीस, वीज कार्यालयात खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी. खेळाडू म्हणून ती काय होती, ते तासगावात कोणालाही विचारावं. ती खांबाजवळ सूर मारायची तेव्हा पलीकडे पळणारा गडी आधीच हात जोडायचा, असं लोक कौतुकाने सांगत. मग दोन वर्षांपूर्वी एका लांबलेल्या आजारपणात तिला जालीम औषधं घ्यावी लागली. आजार गेला, पण जाताना डाव्या खुब्याचं वाटोळं करून गेला. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि ते कमरेच्या वाटीत फिरतं. त्या चेंडूला रक्त पोचेना. तो आतून पोखरला आणि एके दिवशी जिना चढताना खचला.

त्यानंतर ती काठी घेऊन कार्यालयात जाऊ लागली. लोक तिला खुर्ची पुढे करत, तिचा डबा उचलून देत. सगळे चांगलं वागत आणि नेमकं तेच तिला सोसत नसे. मैदानावर तिला कधी कोणी दया दाखवली नव्हती. रडायची ती न्हाणीघरात, नळ सोडून. केतकीला ते बाहेर ऐकू यायचं.

खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया जुनीच होती. पण तिची एक अट असायची: चाला, पोहा, सायकल चालवा, मात्र उकिडवं बसणं, गर्रकन वळणं आणि सूर मारणं विसरा. नको त्या कोनात पाय गेला तर नवा चेंडू वाटीतून निसटायचा. नव्या सांध्याने ही अडचण दूर केली होती. त्याच्या वाटीच्या अस्तरात एक दाट द्रव भरलेला होता, डोळ्यांना न दिसणारे लोखंडाचे कण मिसळलेला. एरवी तो काकवीसारखा वाहता राहायचा. चुंबकाचा प्रवाह सुरू झाला की पापणी लवायच्या आत दगडासारखा घट्ट व्हायचा. स्नायू हलण्याआधी त्यांच्यात विजेची बारीकशी कुजबूज होते. सांधा ती ऐकायचा आणि पुढची हालचाल धोक्याची वाटली तर पाय तिथेच धरून ठेवायचा. तो पायाला जोर देत नव्हता, फक्त अडवत होता किंवा सोडत होता; सोडला की अंगाच्या भाराने पाय आपोआप मुडपायचा. म्हणून खेळांच्या संघटनांनीही त्याला हरकत घेतली नव्हती.

फक्त हा सांधा होता भित्रा. असे सगळे सांधे जे शिकत ते एकमेकांना कळवत, आणि सांधा बसवलेली बहुतेक माणसं होती साठीच्या पुढची. बागेपर्यंत जायचं, बाकावर टेकायचं, परत यायचं. हूल म्हणजे काय, तर पडता पडता न पडणं. त्या सगळ्या आजीआजोबांच्या सांध्यांच्या हिशेबी ते निव्वळ पडणंच होतं. जुईने हूल दिली की सांधा तिला वाचवायला धावणार आणि ती जागच्या जागी खिळणार, हे ठरलेलं. त्यावर तोड म्हणून हा परवलीचा शब्द. तो उच्चारला की सांध्याने काही क्षण मोकळीक द्यायची.

"दुसऱ्या कोणी ओरडलं तर याला ऐकू येत नाही," श्रावस्तीने समजावलं होतं. "तुमचा आवाज तुमच्या हाडांतून खाली उतरतो, तेवढाच याला कळतो. आणि हा शिकत राहतो बरं का. तुम्ही शब्द म्हटल्यावर शरीर काय करतं ते बघून ठेवतो. पुढच्या वेळी त्याच हालचालीसाठी आधीच तयार असतो. नीट वळण लावा, मग हा तुमचाच."

जुईने वळण लावलं. रुग्णालयाच्या व्यायामशाळेत ती उकिडवी बसायची, 'खो' म्हणायची आणि उठून पळत सुटायची. सुरुवातीला धडपडली. मग एक दिवस पाय असा सुटला की समोरच्या गाद्यांवर ती जाऊन आदळली आणि पडल्या पडल्या खदाखदा हसली. दारात उभी असलेली केतकी मात्र तोंड फिरवून डोळे पुसत होती.

सांगली जिल्ह्याच्या संघाची कर्णधार आता केतकी होती. जुईला संघात घ्यायचं म्हटल्यावर प्रशिक्षक बाबर सरांनी सरळ नकार दिला.

"पाटीवर बसलेल्या माणसावर डोळे झाकून विश्वास टाकावा लागतो, केतकी. तू मागून पळत येतीस, खो देतीस आणि पुढचीने उठून केलेल्या जागेत स्वतःला टाकतीस. ती उठणार का, असं विचारत बसतीस का? आता यंत्राला काय विचारायचं?"

"यंत्राचं राहू द्या सर. ताईवर टाका की विश्वास."

"आणि नाही घेतली तर?"

"तर मीही नाही."

बाबर सर जुईकडे बघत राहिले. नऊ वर्षांची असल्यापासून ती त्यांच्या हाताखाली होती. "उद्या पहाटे या दोघी," ते म्हणाले आणि शिट्टी फुंकत निघून गेले.

जुई परत मैदानात आली. नऊ जणींचा संघ असतो. आठ जणी एका रेषेवर, आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंडं करून पाटीवर, म्हणजे आखलेल्या चौकोनात, बसतात आणि नववी पळत्या गड्याचा पाठलाग करते. दमली किंवा डाव साधायचा असला की बसलेल्या एखादीच्या पाठीवर थाप मारून 'खो' देते. ती उठून पळते, ही तिच्या जागी बसते. जुईला खो मिळाला की ती ओठांतल्या ओठांत स्वतःही 'खो' पुटपुटायची, सांधा मोकळा व्हायचा आणि ती सुटायची. बघणाऱ्याला मध्ये फट दिसत नसे. पहिला गडी बाद केला त्या दिवशी घरी आईने पुरणपोळ्या केल्या. अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, काठी माळ्यावर टाकून दिली. मुलगी परत मिळाल्यासारखं वाटलं, असं ते शेजाऱ्यांना सांगत सुटले.

तिचं बसणं तर बघण्यासारखं झालं होतं. खो देऊन ती पाटीवर अशी अलगद उतरायची की धूळ हलू नये. बाबर सर लहान मुलींना मुद्दाम बोलावून दाखवत. "बघा, बसायला शिका हिच्याकडून." मुली कौतुकाने बघायच्या. जुईलाही बरं वाटायचं. आपण काहीच करत नाही, पाय आपोआप घडी होतो, याचं तिला नवल वाटायचं, आणि ते नवल तिथेच विरायचं.

राज्य स्पर्धेचा अंतिम सामना रविवारी होता. त्या आठवड्यात सरावाला केतकीने मागून खो दिला. जुईने शब्द पुटपुटला आणि पाय हललाच नाही. क्षणभरच. मग सुटला, पण तोवर केतकीचा गुडघा तिच्या पाठीवर आपटला होता.

"काय गं ताई? झोपलीस काय?"

"खडा आला पायाखाली."

केतकीने जमिनीकडे पाहिलं. मैदान सकाळीच झाडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर जुई ताटावरून उठताना मुद्दाम 'खो' म्हणाली. पाय उठायच्या ऐवजी आणखी आत मुडपला. पुन्हा म्हणाली तेव्हा उठला. श्रावस्तीला फोन करायला हवा, हे तिला कळत होतं. पण तक्रार केली की सांधा निरीक्षणाखाली जाणार, तोवर मोकळीक बंद, हा नियमही तिला ठाऊक होता. म्हणजे रविवारी बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या. पुन्हा कोणीतरी तिच्या पुढे खुर्ची सरकवणार.

तिने फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. रविवारनंतर सांगू, असं मनाशी म्हणाली. इतकी वाट पाहिली, आता चार दिवसांनी काय बिघडतंय?

रविवारी समोर ठाण्याचा संघ होता. शेवटच्या पाळीत शेवटचा गडी उरला होता आणि तो बाद झाला तर विजेतेपद सांगलीचं. राष्ट्रीय शिबिरासाठी निवड करणारी माणसंही प्रेक्षकांत बसली होती. ती केतकीला बघायला आलीत, हे सगळ्यांना माहीत होतं. केतकी त्या दिवशी अंगात वारं शिरल्यासारखी पळत होती. तिने गड्याला खांबाजवळून हुसकावलं, ओळीच्या मध्यावर आणलं. आणि तो गडी अंदाज चुकून नेमका जुईच्या तोंडासमोर आला. हातभर अंतरावर. जुईने उठायचं आणि हात पुढे करायचा, एवढंच उरलं होतं.

पाठीवर थाप पडली. "खो!"

जुईने शब्द पुटपुटला. खुबा दगडाचा झाला.

"खो," ती मोठ्याने म्हणाली. पाय आणखी घट्ट झाला. "खो! खो! खो!" ती ओरडत सुटली आणि दर ओरडण्यासरशी सांधा तिला वर येऊ न देता खाली, आणखी खाली सोडत गेला. समोरचा गडी तिच्या नजरेसमोरून निघून गेला. त्याच वेळी केतकीने, लहानपणापासून दिलेल्या प्रत्येक खोनंतर जसं टाकलं होतं तसंच, न बघता स्वतःला ताईच्या जागेत टाकलं. जागा रिकामी नव्हती. केतकीचा गुडघा जुईच्या अंगाखाली उलटा फिरला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. मग केतकीची किंकाळी, आणि त्यावर पंचांची शिट्टी.

दुसऱ्या दिवशी बातम्यांत मथळा होता, 'यंत्रानेच घातला खो'. लिहिणाऱ्याला आपण काय लिहून गेलो ते कळलंही नसेल.

श्रावस्ती स्वतः तासगावला आली. अण्णांनी दिलेला चहा तिने तसाच ठेवला.

"ताई, मला एक सांगा," ती म्हणाली. "खेळात खो कोण म्हणतं?"

"जी..." जुई बोलता बोलता थांबली. तिचा चेहरा उतरत गेला. "जी बसते ती."

"हो ना जी. ऐकणारी उठते, म्हणणारी बसते. आणि याला ऐकू येतो तो फक्त तुमचा आवाज. व्यायामशाळेत तुम्ही म्हणाल्या आणि उठल्या. मैदानात म्हणाल्या आणि बसल्या. रोज, शेकडो वेळा. उठताना पुटपुटल्या, बसताना खणखणीत ओरडल्या. यानं आपलं जे जोरात ऐकू आलं तेच धरलं." श्रावस्तीचे डोळे भरले होते. "शेवटी तुम्ही जितक्या ओरडल्या तितकी याची खात्री पटत गेली. ताईंना बसायचंय, घट्ट बसवू. मी पण शाळेत खेळली हो खो-खो. मला कसं नाही सुचलं?"

जुईला हसू आलं. भयंकर हसू आलं, आणि ते थांबेना तेव्हा आईने येऊन तिला जवळ धरलं. आपण वर्षभर जीव तोडून, स्वतःच्या तोंडाने, आपल्याच पायाला बसायला शिकवलं होतं.

सांधा बनवणाऱ्या कंपनीने मोकळीक सगळ्यांचीच बंद केली. डोंगर चढणारे, नाचणारे, झाडावर चढून आंबे उतरवणारे, सगळे एका रात्रीत आजीआजोबांच्या चालीवर आले. जुई आता चालू शकत होती, हळू पळूही शकत होती. हूल द्यायला गेली की जागेवर खिळायची. आणि खो म्हटल्यावर पाय मुडपायचा ते मात्र तसंच राहिलं. ते काढता येईल का, असं तिने विचारलं तेव्हा श्रावस्ती खाली मान घालून म्हणाली, "ते मोकळीक म्हणून नाही हो मोजत. बसणं तर सगळ्यात सुरक्षित. ते काढायचं म्हणजे सांधाच काढावा लागेल."

केतकीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी बांधलेला पाय उशीवर ठेवून ती पडली होती, तेव्हा जुईने तिला सगळं सांगितलं. शब्दाचं सांगितलं आणि खड्याचंही. "मला आधीच कळलं होतं, केतू. ताटावरून उठताना. मी सांगितलं नाही."

केतकीने छताकडे बघत ऐकलं. ती ओरडली असती, उशी फेकून मारली असती तर जुईला बरं वाटलं असतं. तिने फक्त पाणी मागितलं.

गुडघा बरा झाला. डॉक्टर म्हणाले, पळा, उड्या मारा, काही धोका नाही. राष्ट्रीय शिबिरातून फोन आला की केतकीची जागा अजून राखून ठेवली आहे, सोमवारी हजर व्हा. केतकीने 'बघते' म्हणून फोन ठेवला. मैदानाकडे ती फिरकल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. आईने समजावलं, अण्णा रागावले, बाबर सर घरी येऊन गेले. शेवटी रविवारी संध्याकाळी जुईने तिला हाताला धरून नेलं.

मुली सराव संपवून निघाल्या होत्या. केतकी ओळीजवळ गेली आणि आपल्या जुन्या पाटीवर उकिडवी बसली. गुडघा सहज मुडपला. दुखल्याचं काही दिसलं नाही.

"बघ, बसलीस की," जुई म्हणाली. "आता उठायचं आणि पळायचं. तुला येतंय सगळं."

"येतंय." केतकी समोर बघत म्हणाली. "ताई, खो देताना पुढची उठेल का, असं मी कधी बघितलंच नव्हतं गं. परवा इथे एकटीच येऊन पळून पाहिलं. रिकाम्या पाटीजवळ आले आणि पाय थांबला. कोणी नव्हतं तरी थांबला. मला आता तिथे बसलेलीच दिसतीस तू."

"तिथं शिबिरात मी नसणार. दुसऱ्या मुली असतील."

"सगळ्या तूच दिसतात."

मैदानावर दोघींशिवाय कोणी नव्हतं. बाबर सर लांब फाटकाशी कुलूप हातात घेऊन ताटकळत होते. लहानपणी केतकी शाळेला जायला तयार नसली की जुई मागून येऊन तिच्या पाठीवर थाप मारायची आणि केतकी दप्तर घेऊन पळत सुटायची. मिळालेला खो कधी नाकारायचा नसतो, एवढं तिला तेव्हाही कळायचं.

जुई तिच्या मागे जाऊन उभी राहिली. त्या सामन्यानंतर तो शब्द तिने तोंडातून काढला नव्हता. आपल्या पायाचं काय होणार हे तिला पक्कं माहीत होतं. तिने केतकीच्या पाठीवर हात ठेवला. पाठ घामाने ओली होती.

"खो," ती म्हणाली.

खुब्याने सांगितल्याबरोबर ऐकलं. पाय अलगद मुडपला, धूळही हलली नाही, आणि जुई नेटकी, शिकवल्यासारखी, केतकीच्या पाठीमागे खाली बसली. मग ती वाट बघत राहिली.

केतकी उठली नाही. पाठीवरचा हात तसाच होता. समोर सगळं मैदान मोकळं पडलं होतं, आणि दोघी बहिणी एकीमागे एक पाटीवर बसून होत्या.